बुधवारच्या बावीस पायऱ्या

४ फेब्रुवारी

टिल्ल्या,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर. नऊ वर्षांनी पत्र लिहितोय ते काही प्रेमाचं भरतं आलंय म्हणून नाही. माझी लेक सकाळी येऊन अर्धा तास डोकं खाऊन गेली. ‘बाबा, काकांनी गोळ्या बंद केल्यात. काकू फोनवर रडत होती. तुम्ही लिहा, तुमचं ऐकतील.’ मी म्हटलं, सख्खा धाकटा भाऊ असला तरी त्याने माझं जन्मात कधी ऐकलंय? पण ती तुझ्यावर गेलीय. नाही म्हटलेलं तिच्या कानात शिरतच नाही.

तेव्हा आधी कामाचं. रक्त पातळ ठेवणारी छोटी गोळी जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी नाही. पिवळी रात्रीच्या जेवणाबरोबर. आणि ती तिसरी, नाडी सावकाश करणारी, जी घेतली की मेल्यासारखं वाटतं असं तू बायकोला सांगितलंस म्हणे, ती तर अजिबात तोडायची नाही. सगळ्यांनाच वाटतं तसं. पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. पण एकदम बंद केली तर हृदय बिथरतं. चौतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून हजारो लोकांना हेच सांगत आलो. कंपाउंडर होतो, डॉक्टर नव्हतो, हे मला ठाऊक आहे. तुझ्या ओठांवर आलंच असेल म्हणून आधीच लिहितो.

तुला झटका येऊन ॲडमिट केलं तेव्हा मी आलो होतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो होतो. व्हरांड्यात ही गर्दी! तुझी गिऱ्हाइकं, शेजारचा बेकरीवाला, कुणीतरी शाळामास्तर, दोन बायका थर्मास घेऊन. नर्स ओरडत होती, ‘एका पेशंटला किती नातेवाईक?’ मी तसाच खाली उतरलो. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं माझ्या. साठाव्या वर्षी माझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या तेव्हा भेटायला कोण होतं? तुझी वहिनी, लेक, आणि एक गृहस्थ जो चुकून दुसऱ्याच पेशंटसाठी आला होता. तोही बिचारा दहा मिनिटं बसला, सभ्य होता. हो, आणि तू. तू आलास आणि नर्सला असं हसवून गेलास की पुढे चार दिवस ती मला सुई टोचताना तुझीच चौकशी करत होती.

आपल्या घराण्याचं हृदय असलंच. वडील चौपन्नाव्या वर्षी गेले, मोठे काका एक्कावन्नाव्या. मी मीठ सोडलं, तळलेलं सोडलं, पहाटे चालायला लागलो. तू चहात चार चमचे साखर घालणार, सिगरेट ओढणार, चालणार फक्त बेकरीपर्यंत. आणि स्प्रिंगा कुणाला? मला. तुला एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत साधी उचकी नाही. याला न्याय म्हणतात का?

लेक म्हणाली, जुनं सगळं विसरा. मी विसरलेलो नाही. तिच्या लग्नाच्या संध्याकाळी तू माइक हातात घेऊन माझी नक्कल केलीस. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिशात थर्मामीटर, ‘दिवसातून तीनदा, हलवून घ्या, बाटलीला, स्वतःला नव्हे!’ दीडशे माणसं लोळत होती. तेव्हापासून मला सगळे थर्मामीटर म्हणतात, व्याहीसुद्धा. ते एक वेळ मी गिळलं असतं. पण तुझी वहिनी सगळ्यांत जास्त हसत होती. डोळे पुसत होती पदराने. माझ्या घराची पायरी चढू नकोस असं मी तुला त्याच रात्री सांगितलं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

आणखी एक स्पष्ट असलेलं बरं. तुझ्या वहिनीला डॉक्टरांनी वर्ष दिलं होतं, फार तर दीड. ती साडेचार वर्षं जगली. ती वरची तीन वर्षं माझ्या हातची आहेत. वेळच्या वेळी गोळ्या, बिनमिठाचं जेवण, रोज वजन, रोज नाडी, सगळं वहीत. त्यात कुणाचा वाटा नाही.

ती गेली त्या दिवशी आमच्या गेटपाशी मी तुला जे बोललो, ते मागे घ्यायला हे पत्र नाही. गोळ्या घ्याव्यास म्हणून आहे.

थोरला

* * *

११ फेब्रुवारी

टिल्ल्या,

उत्तर नाही. लेक म्हणते पाकीट तू फोडलंस, वाचलंस आणि उशीखाली ठेवलंस. गोळ्या मात्र ड्रॉवरमध्येच. फ्रेमचं दुकानही उघडलेलं नाही. तुझी बायको एकटी जाऊन काचांवरची धूळ झटकून येते म्हणे. बोलत नाहीस, हसत नाहीस. तू! माझा तर विश्वासच बसेना. एका झटक्याने एवढं घाबरायला काय झालं? मला दोन स्प्रिंगा आहेत, मी भाजी आणायला जातो.

असो. रविवारी ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये आपल्या हृदयवाल्या डॉक्टरांचं भाषण होतं. तुला आणि मला तेच बघतात, तुझ्या वहिनीलाही तेच बघायचे. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडून तिच्या वह्या मागून नेल्या होत्या. नऊ वह्या. म्हणाले, ‘इतकी नीट नोंद मी हॉस्पिटलातसुद्धा बघितली नाही.’ तेव्हा मला किती बरं वाटलं होतं सांगू. तर त्या वह्यांचा आलेख करून त्यांनी पडद्यावर लावला. नाव नाही घातलं, पण मी पहिल्या रांगेत होतो आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

भाषणाचा विषय काय, तर हसरी, समाधानी माणसं. त्यांनी सांगितलं की मोठमोठ्या गटांची वर्षानुवर्षं पाहणी केली तर आनंदात राहणारी माणसं सरासरीने जास्त जगतात, त्यांची हृदयं जास्त टिकतात. कुणीतरी विचारलं, ‘हसतात म्हणून बरी राहतात, की बरी असतात म्हणून हसतात?’ डॉक्टर म्हणाले, ‘प्रश्न बरोबर आहे. दोन्ही असेल. हसणं म्हणजे औषध नव्हे, हसून गोळी चुकवता येत नाही. पण त्याचा उपयोग काहीच नाही असंही आता म्हणवत नाही.’ मी मान खाली घालून ऐकत होतो. सबंध हॉलमध्ये ते तुझंच वर्णन करताहेत असं वाटत होतं. म्हणजे मी बिनमिठाचं गिळायचं, पाचला उठायचं, आणि बक्षीस मात्र खिदळणाऱ्याला! तळपायाची आग मस्तकात गेली.

मग ती वही आली. माझ्याकडे एक नोंद जास्तीची होती, ती त्यांना फार आवडली. आमच्या जिन्याच्या बावीस पायऱ्या. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला आम्ही खाली जाऊन यायचो, आणि वर चढताना ती कितव्या पायरीवर थांबली ते मी लिहायचो. डॉक्टरांनी दाखवलं: सहा दिवस ती बाराव्या, तेराव्या पायरीवर थांबायची, कधी दोनदा. बुधवारी मात्र बावीसच्या बावीस एका दमात. आठवड्यामागून आठवडे, जवळजवळ चार वर्षं. नाडीसुद्धा बुधवारी शांत.

त्यांनी माइकवरून विचारलं, ‘काका, बुधवारी तुम्ही काय करत होतात?’

मी उभा राहिलो. म्हटलं, ‘श्वासाचे व्यायाम. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत एक बाई घ्यायच्या. दर बुधवारी तीन ते साडेपाच.’

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी, टिल्ल्या. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा.

शेवटच्या सात महिन्यांत बुधवारही इतर दिवसांसारखाच दिसत होता. डॉक्टरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, तुमच्याच सल्ल्याने व्यायाम बंद केला. ‘मी सांगितलं होतं? मला आठवत नाही,’ म्हणाले. मग पुढे गेले. एका माणसाच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही असंही म्हणाले, पण पुढच्या महिन्यापासून तसा वर्ग पुन्हा सुरू करणार आहेत. उद्घाटन मी करायचं आहे.

हे तुला का लिहितोय, कळत नाही. बातमी आहे म्हणून लिहिली. गोळ्या घे.

थोरला

* * *

१४ फेब्रुवारी

टिल्ल्या,

आत्ता लेक येऊन गेली. बसलीसुद्धा नाही. दारातच म्हणाली, ‘बाबा, काका काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, वहिनीला मी मारलं, मला कशाला गोळ्या? असं कोण म्हणालं त्यांना?’

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

मी ‘मारलं’ असं म्हणालो नव्हतो. मला शब्दन् शब्द आठवतो. गेटपाशी तू एकटाच उभा होतास, आत यायची हिंमत नव्हती तुझी. मी जवळ येऊन म्हणालो, ‘डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितली होती. तू तिला दर आठवड्याला बसने तुझ्याकडे फरफटत यायला लावलंस. दमवलंस तू तिला.’ एवढंच. त्यावर तू एक अक्षर बोलला नाहीस. नेहमी तोंडाचा पट्टा चालणारा माणूस, त्या दिवशी नुसता माझ्याकडे बघत राहिलास आणि निघून गेलास. मला वाटलं, जिरली याची.

तीन वर्षं तू तेच उराशी घेऊन बसला असशील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुझं दुकान चालू होतं. लेक सांगायची, काका मजेत आहेत. मला वाटायचं, आहेच मजेत, त्याला काय धाड भरलीय.

तेव्हाच तुझ्या लक्षात आलं असेल की बुधवारी ती कुठे जायची ते मला कळलं होतं. व्यायामाचा वर्ग दुसऱ्याच महिन्यात बंद पडला, बाई दुसऱ्या गावी गेल्या. हे मी हॉलमध्ये सांगितलं नाही.

आज एवढंच. फार वेळ बसवत नाही. वय झालं.

* * *

१९ फेब्रुवारी

टिल्ल्या,

पाच दिवस कागद समोर घेऊन बसलोय. तुझी बायको काल लेकीला म्हणाली की पायांवर सूज आहे आणि तू डॉक्टरांकडे जायला तयार नाहीस. तेव्हा आता लिहिलंच पाहिजे. वाचून मला काय वाट्टेल ते म्हण.

एका बुधवारी ती चटई विसरून गेली. दर वेळी काखेत चटई घेऊन निघायची, निळी, गुंडाळलेली. मला वाटलं, फरशी गार लागेल तिला. म्हणून चटई घेऊन मी हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत गेलो. त्या खोलीत मोडकी कपाटं रचलेली. तिथला क्लार्क म्हणाला, ‘कसला वर्ग आजोबा? बंद होऊन साडेतीन वर्षं झाली.’ मी चटई काखेत मारून उभा. काय ध्यान दिसत असेन!

संध्याकाळी ती घरी आली आणि सहज म्हणाली, ‘अहो, आज चटईच विसरले. बाईंनी दुसरी दिली.’ चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. आणि बावीस पायऱ्या चढली. मी वहीत लिहिलं: बावीस.

पुढच्या बुधवारी मी तिच्या पाठोपाठ गेलो. बसमध्ये मागच्या सीटवर बसलो, पेपर तोंडासमोर. तुझ्या दुकानासमोरच्या थांब्यावर ती उतरली, मी पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आलो. आणि समोरच्या फुटपाथवर, बसथांब्याच्या पत्र्याआड उभा राहिलो.

तुला खरं सांगू? मला वाटत होतं की काहीतरी वाईट दिसावं. काहीतरी असं, की ज्यावर मला ओरडता येईल, चारचौघांत सांगता येईल. पण तुझी बायकोही तिथेच होती, टेबलावर काच कापत. तुझी पाठ रस्त्याकडे. आणि माझी बायको स्टुलावर बसलेली, हातात चहाचा कप. तू भिंतीवर टांगलेल्या, फ्रेम करायला आलेल्या फोटोंतल्या लोकांना बोलायला लावत होतास. आवाज येत नव्हता, पण तुझ्या हातांवरून कळत होतं. तो मिशीवाला निवृत्त साहेब शेजारच्या नवरा-नवरीला काहीतरी सुनावत होता, आणि खालचा कुत्रा मध्येच बोलत होता. ती कप खाली ठेवून हसत होती. पोट धरून. एकदा तर तिने तुझ्या बायकोच्या खांद्यावर डोकंच टेकलं.

मी घड्याळ लावून मोजलं. तू म्हणशील, थर्मामीटर शेवटी थर्मामीटर. सतरा मिनिटांत अकरा वेळा.

अडतीस वर्षांचा संसार आमचा. मी तिला कधी दुखावलं नाही, हात उगारला नाही, व्यसन नाही, वेळेवर घरी. तिचं अंग दुखलं तर तिच्याआधी मला कळायचं. आणि तशी हसताना मी तिला एकदाच पाहिली होती, तुझ्या माइकसमोर. जळलो रे मी. नुसता जळलो. मनात आलं, आपण हिच्या पायांची सूज टेपने मोजतोय आणि ही दर बुधवारी याच्याकडे येऊन जगून घेते. मला कुणी लुबाडल्यासारखं वाटलं, आणि पोलिसांत तक्रारही करता येईना.

सोमवारी मी तिला म्हणालो, ‘डॉक्टरांचा फोन होता. म्हणाले, आता व्यायाम बंद करा, नुसती विश्रांती घ्या.’

फोन आलाच नव्हता. पण चौतीस वर्षं मी लोकांना डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवलीय. ‘डॉक्टर म्हणाले’ असं मी म्हटलं की आमच्या घरात त्यावर अपील नसायचं. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच तसं म्हणालो. तुला तिने काय निरोप पाठवला माहीत नाही. आता जमत नाही, असंच काहीसं म्हणाली असेल. म्हणजे तुला वाटलं की तुझ्याकडे येऊन येऊन ती खचली. आणि वर मी गेटपाशी शिक्का मारला.

पुढचं वहीत आहे. पहिल्या बुधवारी तेरा. मग बारा, मग नऊ. डॉक्टरांनी अंगातलं पाणी काढणारी गोळी वाढवली. मला वाटलं, आपणच हसवू, त्यात काय एवढं? पेपरातले विनोद कापून ठेवायला लागलो आणि बुधवारी तीन वाजता वाचून दाखवायचो. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसे वाचत असणार. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ‘छान आहे हो.’ मग मी तिला तो समजावून सांगायचो. आता आठवलं की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. फोन उचलून ‘टिल्ल्या, ये रे घरी’ एवढं म्हणायचं होतं. एका मिनिटाचं काम. ते नाही जमलं. सात महिन्यांत नाही जमलं.

डॉक्टर म्हणतील, त्या हृदयाचं तसंच होणार होतं, बुधवार असते तरी. असेल. त्यांचा तो आधार मला पुरेसा नाही. मी रोजची नोंद केलेली आहे.

तेव्हा नीट वाच. तू तिला दमवलं नाहीस. ते मी रागाने बोललो, आणि बोलताना मला माहीत होतं की ते खरं नाही. घरी नऊ वह्या होत्या. मी त्या लिहिल्या होत्या. ती वरची तीन वर्षं माझ्या हातची आहेत असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते वाचून आता तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. पण तरी सोडवत नव्हती रे. ती वर्षं तुझी म्हणायची, तर माझ्याकडे उरतं काय? मीठ नसलेलं जेवण?

घे. तुझी आहेत. आता सगळं सांगून झालं. गोळ्या घे, पाय उशीवर वर ठेव आणि उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा.

थोरला

* * *

२१ फेब्रुवारी

टिल्ल्या,

लेक म्हणाली, तू चारही पानं दोनदा वाचलीस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. गोळी घेतली नाहीस. डॉक्टरांकडे गेला नाहीस.

मी आज सकाळी गेलो. त्यांना सांगितलं की बुधवारी श्वासाचे व्यायाम नव्हते, माझ्या धाकट्या भावाचं फ्रेमचं दुकान होतं. आणि बंद करायला तुम्ही सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘काका, आता त्या भावाचं काय?’ मी म्हटलं, गोळ्या घेत नाही. ते म्हणाले, ‘मग इथे काय करताय?’

खरंच, इथे काय करत होतो! घरी आलो, बॅग भरली. आणि निघता निघता पुन्हा बसलो, कारण परवा ‘सगळं सांगून झालं’ असं लिहिलं ते खोटं आहे. एक राहिलंय. ते तोंडाने सांगायची माझी छाती नाही. लेकीला आता हे पाकीट घेऊन पुढे पाठवतोय.

मी बसथांब्याच्या पत्र्याआड उभा होतो म्हणालो ना? पत्रा गुडघ्यापासून वर होता. माझे बूट दिसत होते. तीस वर्षं तीच पॉलिश करायची ते. हसता हसता तिची नजर रस्त्यावर गेली आणि थांबली. मी पत्र्याच्या बाजूने वाकून बघितलं. आमची नजरानजर झाली.

मला वाटलं, आता दचकेल, कप हातातून पडेल, तोंड लपवेल. तसं काही झालं नाही, टिल्ल्या. तिच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं. तिने हात वर केला आणि मला आत बोलावलं. या, या, असं. दोनदा. बाजूची खुर्ची पायाने थोडी सरकवलीसुद्धा. तुझी पाठ होती, तुझी बायको काचेवर वाकलेली होती. तुम्हाला दोघांना काही कळलं नाही.

रस्ता वीस पावलांचा होता. गाड्याही नव्हत्या.

मी दुसरीकडे बघितलं. जसं काही मी दुसराच कुणी म्हातारा आहे, बसची वाट बघतोय. बस आली, कुठली ते न बघता चढलो.

ती संध्याकाळी घरी आली. त्या दिवशी ती पहिल्यांदा बुधवारी जिन्यात थांबली. अठराव्या पायरीवर. मी मागे उभा होतो. तिने वळून माझ्याकडे बघितलं, मला वाटतं वाट बघितली, की मी काहीतरी बोलेन. मी वहीत अठरा लिहिलं. सोमवारी डॉक्टरांचं खोटं सांगितलं तेव्हा ती फक्त ‘बरं’ म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. ती एकदाही भांडली नाही माझ्याशी. भांडली असती तर मी दोन दिवसांत नमलो असतो, तेही तिला माहीत असणार. मग का नाही भांडली, हे मी रोज सकाळी उठून तिला विचारतो.

तेव्हा आता तरी डोक्यातून काढून टाक. तू तिला मारलं नाहीस. तू तिला जगवत होतास. मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि मला बघवलं नाही.

मी अर्ध्या तासात तुझ्या दारात असेन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस. तुझा तो हक्क आहे. मी बाहेर पायरीवर बसेन, उद्याही बसेन, मला दुसरं काम नाही.

दार नाही उघडलंस तरी चालेल. गोळी घे.

थोरला